न विचारता नेलेली गाडी

सावुसावु गाव संपून लंबासाचा रस्ता डोंगर चढायला लागतो, तिथे इनोकेचं गॅरेज आहे. गॅरेज कसलं, नीरफणसाच्या झाडाखाली पत्र्याचं छप्पर आणि गाडीखाली उतरायला खणलेला खड्डा. इनोके अंगाने दारात मावायचा नाही, पण काळीज सशाचं. आवळलेला नट पुन्हा आवळायचा, जेवता जेवता उठून तिसऱ्यांदा बघून यायचा. लोक म्हणायचे, "इनोके स्वतःच्या सावलीचेही नट आवळतो." आणि हसून झालं की हेच लोक आपली खटारा गाडी त्याच्याकडेच आणायचे.

ही भीती त्याला बिसुन मास्तरांनी शिकवली होती, ज्यांच्या हाताखाली तो गाड्यांचं काम शिकला. इनोके अठरा वर्षांचा असताना मास्तरांनी त्याला दरीतून वर ओढून काढलेली एक मोटार दाखवली. तिचा टायरॉड, म्हणजे स्टिअरिंगचा हुकूम चाकापर्यंत पोचवणारा दांडा, सांध्यातून निसटला होता. मास्तर एवढंच म्हणाले, "इंजिन बिघडलं तर गाडी थांबते, बेटा. हे बिघडलं तर गाडी जाते." तेव्हापासून स्टिअरिंगचं काम उघडलं, की इनोके गाडीच्या स्टिअरिंगला लाल चिंधी बांधायचा. चिंधी असलेल्या गाडीला अख्ख्या पंचक्रोशीत कुणी हात लावत नसे.

एक सेमेसा सोडून. सेमेसा त्याचा आतेभाऊ. आते-मामेभाऊ म्हणजे तवाले, आणि तवाल्याची वस्तू न्यायला विचारतो कोण? सेमेसाने इनोकेचं डुक्कर नेलं, जाळं नेलं, चर्चला घालायचा सदरा नेला. इनोकेनेही त्याच्या घराचे चार पत्रे काढून आणले होते. शिव्या द्यायच्या, हसायचं, यांगोनाच्या मुळ्या कुटून केलेल्या पेयाची वाटी पुढे करायची, संपलं. पण आपली जुनी गाडी कुणी नेलेली इनोकेला सोसत नसे. म्हणून गेल्या वर्षी, सेमेसाला लग्नाला जायचं होतं त्याच्या आदल्या दिवशी, त्याने ठणठणीत गाडीला चिंधी बांधली. सेमेसा नवा सुलू नेसून बसमध्ये उभ्याने गेला. दोन दिवसांनी त्याला खरं कळलं आणि महिनाभर प्रत्येक बैठकीत त्याने तो किस्सा रंगवून सांगितला.

त्या सोमवारी मात्र काम खरं होतं. इनोकेच्या गाडीच्या टायरॉडचे दोन्ही सांधे झिजले होते, म्हणून त्याने नवे बसवले. गाडी जमिनीवर उतरवली, दोऱ्या ताणून चाकं सरळ आहेत का ते मापायला घेतलं. माप जमेपर्यंत सांधे पुन्हा पुन्हा काढावे लागतात, म्हणून नट नुसते बोटांनी फिरवलेले होते. ते सुटू नयेत म्हणून घालायच्या पिना अजून डब्याच्या झाकणात पडल्या होत्या. इतक्यात त्याच्या बायकोने, माकेरेताने, जेवायला हाक मारली. त्याने चिंधी बांधली आणि आत जाऊन कसावा आणि मासळी पुढे ओढली.

दुसरा घास तोंडात असताना इंजिनाचा आवाज आला. तो धावत बाहेर आला. गाडी नव्हती. लाल चिंधी बकरीच्या गळ्यात बांधलेली होती.

इंजिनाचा आवाज डोंगराच्या बाजूने विरत चालला होता. सेमेसा लंबासाला निघालेला असणार, आणि वाटेत फाट्यावर बसची वाट बघत असणार लितिया, इनोकेची मुलगी, नर्सिंगच्या कॉलेजला परत जायला. काका तिला गाडीत घेतल्याशिवाय पुढे जायचाच नाही. त्याने सेमेसाला फोन लावला. सेमेसाने कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. मग त्याने लितियाला लावला.

"बाबा, आम्ही तुझ्याच गाडीत आहोत!" ती हसत होती.

"लितिया, थांबव! गाडी थांबव! नट ढिले आहेत, स्टिअरिंग सुटेल!"

मागून सेमेसाचा आवाज आला, "त्याला म्हणावं, आधी बकरीचं स्टिअरिंग दुरुस्त कर!"

आणि डोंगराने फोन गिळला.

शेजारच्या दीपनारायणने विचारपूस न करता ट्रक काढला. इनोके पिना, नट आणि पाने उचलून वर चढला. चढणीवर एकामागून एक वळणं होती, आणि प्रत्येक वळणावर इनोके खिडकीतून अर्धा बाहेर वाकून दरीत बघायचा. कुठे नेचे चिरडलेत का, कुठे काच चमकते का. एका जागी काहीतरी पांढरं दिसलं. त्याने डोळे मिटून घेतले.

"पोतं आहे, इनोके. नुसतं पोतं," दीपनारायण म्हणाला. "डोळे उघड."

"मीच केलं हे," इनोके पुटपुटला. "खोटी चिंधी मी बांधली."

"आत्ता गप बस आणि बघ."

घाटमाथ्यावर, लोक पाणी भरतात त्या झऱ्यापाशी, गाडी उभी होती. लितिया दगडावर बसली होती, डोळे सुजलेले.

"तू असा कधी ओरडला नव्हतास," ती म्हणाली. "मी काकाला दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा रडले, तेव्हा थांबला."

"आला बघा भित्रा!" सेमेसा हात पसरून म्हणाला. "एवढा चढ चढून आली तुझी म्हातारी, कण्हलीसुद्धा नाही!"

इनोके गाडीखाली शिरला. डाव्या बाजूचा नट नव्हताच. सांधा नुसता भोकात रुतून धरून होता. त्याने हाताने जरा हलवला, तसा तो सुटून त्याच्या तळहातावर आला. झऱ्यापुढे लगेच उतार लागत होता.

सेमेसा वाकून बघत होता. त्याचं हसू तोंडावरच वाळलं. त्याने एकदा लितियाकडे पाहिलं आणि रस्त्यातच खाली बसला.

"मला वाटलं, गेल्या वेळेसारखीच," तो म्हणाला.

"गेल्या वेळेची खोटी होती," इनोके म्हणाला. "आजची खरी होती."

सेमेसाने आपल्या एक कानफटात मारावी, असं इनोकेला फार वाटत होतं. सेमेसाने मारली नाही. शिवीसुद्धा दिली नाही.

इनोकेने तिथेच गाडी दुरुस्त केली, पिना घातल्या, चार वेळा तपासल्या. त्यानंतर तीन आठवडे सेमेसा गॅरेजकडे फिरकला नाही. जाळं तसंच खुंटीवर होतं, डुकराला कुणी हात लावला नव्हता.

चौथ्या आठवड्यात तो आला. कुंपणाबाहेरच थांबला, टोपी काढून हातात धरली.

"रविवारी गाडी मिळेल का? तुम्हाला अडचण नसेल तर."

"तुम्हाला?" इनोके हसायला गेला, ते जमलं नाही. "अरे चोरा, चावी गाडीतच आहे की! ने ना!"

"नाही. तुम्ही दिलीत तरच."

इनोकेने चावी काढली, कुंपणापर्यंत जाऊन त्याच्या हातात ठेवली. सेमेसाने आभार मानले, अदबीने मानले, आणि गेला.

इनोके घरात आला. "सेमेसाने गाडी विचारून नेली," तो म्हणाला.

माकेरेताने हातातलं काम खाली ठेवलं. घरात कुणी गेलं की बसतात, तशी ती येऊन त्याच्याजवळ बसली.