मास्तरांची ट्रिंग

बाळंतिणींच्या वॉर्डात बदली झाल्याचं कळलं आणि थोरल्या सिस्टरांचं धाबं दणाणलं. सव्वीस वर्षं पुरुषांच्या वॉर्डात काढलेली बाई. आडदांड पेशंटांना नुसते डोळे वटारून गप्प बसवणारी. पण जन्मून न रडणारं बाळ? त्याच्यासाठी हातात मिनिटभर असतं, आणि त्या मिनिटात आपले हातपाय गळाले तर एक जीव जाईल, या विचारानं त्यांना घास गिळवेना.

सरावासाठी एक रबरी बाहुली होती आणि तिला जोडलेला टॅब्लेट. वॉर्डातल्या पोरी त्याला मास्तर म्हणत. बाहुलीची मान किंचित मागे, तोंडावर मास्क घट्ट, मग श्वास द्यायची पिशवी. दाब, दोन, तीन. दाब, दोन, तीन. नेमकं कुठे चुकलं ते मास्तरांना कळे. तेवढंच ते पुन्हा पुन्हा करून घेत, जमेपर्यंत पुढे सरकू देत नसत. रागवत मात्र कधी नसत, आणि हेच वाईट. माणूस रागावला तर त्याच्याशी भांडता तरी येतं. सगळं बिनचूक आणि वेळेत झालं की 'ट्रिंग' वाजे, आणि मगच पिशवी खाली ठेवायची.

पहिल्या आठवड्यात सिस्टरांच्या नाकीनऊ आले. दुसऱ्या आठवड्यात विचार न करता हात चालू लागले. तिसऱ्या आठवड्यात त्या भांडी घासत असताना नवरा म्हणाला, "अगं, त्या स्पंजानं तुझं काय घोडं मारलंय? मघापासून नुसता पिळतेयस."

त्यांना ते कळलंच नव्हतं. नवरा हसला. त्यांना मात्र हसू आलं नाही.

मग एका दुपारी ते बाळ आलं. निळसर, लुळं, गप्प. आईचा रक्तस्राव थांबेना, डॉक्टरीणबाई तिच्यात गुंतलेल्या. "सिस्टर, बाळ तुम्ही बघा!" त्या ओरडल्या.

सिस्टरांचे हात कधीच कामाला लागले होते. अंग पुसलं, मान, मास्क, दाब, दोन, तीन. छाती हलेना. हातांनी मान जराशी सरळ केली, सिस्टरांना काही ठरवावं लागलंच नाही. छाती उचलली. दाब, दोन, तीन. भीतीनं कान बधिर झाले होते. एकच गोष्ट ऐकायची होती, आणि ती ट्रिंग काही केल्या वाजत नव्हती. म्हणजे चुकतंय. दाब, दोन, तीन.

कुणीतरी मनगट घट्ट धरलं.

"सिस्टर, पुरे! रडतंय ते! केव्हाचं रडतंय!" डॉक्टरीणबाई सांगत होत्या.

खरंच रडत होतं. मास्कखाली लालबुंद होऊन, हातपाय झाडत. आणि सिस्टर त्या रडण्यावर हवा दाबत होत्या.

"त्याला काही झालेलं नाही. वाचवलंत तुम्ही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पोरी तर नाचायच्याच बाकी होत्या. सिस्टर "हो, हो" म्हणत राहिल्या आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

संध्याकाळी आईला जरा बरं वाटलं. बाळ तिच्या कुशीत शांत झोपलं होतं.

"ताई, तुमच्यामुळे आहे हा," ती म्हणाली. "घ्या ना जरा."

सिस्टर पुढे झाल्या. वाकल्याही. मग दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकमेकांत घट्ट धरून ठेवले.

"नको गं," त्या म्हणाल्या. "झोपू दे त्याला."