मामांच्या खिशातला विस्तव

माझ्या बायकोच्या मामांइतका निराश माणूस उभ्या रत्नागिरीत झाला नाही, आणि इतकं निराश असूनही एवढ्या जय्यत तयारीनं राहणारा तर अख्ख्या कोकणात सापडायचा नाही. एसटीच्या थांब्यावर उभे राहिले की "आज गाडी येत नाही" असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, आणि गाडी आलीच तर "पण घाटी चढेल असं वाटत नाही" म्हणत आत बसत. हापूसची पेटी उघडण्याआधीच त्यांना तळाचा डागी आंबा दिसे. डॉक्टर "काही झालेलं नाही" म्हणाले, की मामांचा त्या डॉक्टरांवरचा विश्वास उडे. पण त्यांचा खरा, मुरलेला अविश्वास होता तो काडेपेटीवर. शेजारी कुणी विडीसाठी काडी ओढली आणि ती भुर्रकन पेटली, तर मामा तिच्याकडे टक लावून बघत आणि खिन्न आवाजात म्हणत, "ही पेटली. पुढची पेटेलच असं नाही."

याला कारण होतं. तरुणपणी मामा रंगूनला लाकडाच्या वखारीत कारकून होते. जपान्यांची लढाई जवळ आली तेव्हा मामी लेकीला घेऊन बोटीनं सुखरूप घरी पोचल्या. मामा आणि त्यांचा धाकटा भाऊ मागे राहिले, आणि मग डोंगररानांतून चालत हिंदुस्थानाकडे निघाले. वाटेत भावाला ताप भरला. पाऊस उसंत घेईना, जवळच्या काड्यांचा लगदा झालेला, आणि भाऊ कढत पाणी मागत होता. ते त्याला शेवटपर्यंत मिळालं नाही. मामांनी हे मला एकदाच सांगितलं, आणि सांगून झाल्यावर लगेच कोटातून डबा काढून दाखवला.

तो सिगारेटचा चपटा, पत्र्याचा डबा होता. कोटाच्या आतल्या खिशात मावलाच पाहिजे, ही मामांची अट, आणि त्या अटीपायी त्यांचं निम्मं आयुष्य गेलं. ठिणगी पाडायला जुन्या कानशीचा तुकडा आणि गारगोटी. आमच्याकडे सगळा जांभा दगड. त्यावर कानस घासली तर नुसती तांबडी भुकटी पडते, म्हणून गारगोटी घाटावरून मागवलेली. ठिणगी झेलायला धोतराच्या चिंध्या, बंद डबीत कोंडून कोळशासारख्या काळ्या केलेल्या. या कामी जुनी धोतरं संपल्यावर मामांची नवी धोतरं फार झपाट्यानं जुनी होऊ लागली. मग पिंजलेला काथ्या, राळेची पूड, मेणबत्तीचं थोटूक आणि उन्हासाठी एक भिंग. आगकाडी मात्र एकही नाही. शत्रूला घरात कोण घेतो? हे सगळं मेणकापडात गुंडाळून मामा छातीशी बाळगत. मामींनीच त्यासाठी कोटाला आतून खिसा शिवून दिला होता. "लोकांचे नवरे खिशात अडकित्ता ठेवतात, आमचे वणवा ठेवतात," असं त्या हसत सांगत.

एकदा आम्ही सगळे पावस गावी एका आमराईत वनभोजनाला गेलो. बरोबर मामांचे शेजारी, म्हातारे तांडेल होते. जन्मभर गलबतं हाकून आता ओटीवर हुक्का ओढत बसलेले. चहासाठी तीन दगड मांडले, आणि मी खिशातून काडेपेटी काढताच मामांनी माझा हात धरला. "इथं तुमच्याकडे काडी आहे. रानात नसली तर?" मग रान आहे असं समजून आम्ही बसलो. मामा गारगोटीवर कानस मारत होते, ठिणग्या उडत होत्या आणि धोतराच्या चिंधीखेरीज सगळीकडे पडत होत्या. दूध नासलं. तांडेल म्हणाले, "मामा, एवढ्यात आमी मस्कतला पोचलो असतो." अखेर चिंधीनं ठिणगी धरली, मामांनी काथ्यात घालून फुंकली आणि भपकन जाळ झाला, तो माझ्या उपरण्याला लागला. ते विझवण्याच्या गडबडीत चुलीतलंही विझलं. मामा राखेकडे बघत म्हणाले, "मी म्हटलंच होतं."

पुढे एका आषाढात मामी तापानं अंथरुणाला खिळल्या, आणि एका सकाळी गेल्या. लेक मुंबईला. बोटी बंद, घाटात दरड कोसळलेली. तिची वाट पाहण्यात अर्थ नव्हता. मामांनी हातात विस्तवाचं मडकं धरलं आणि आम्ही निघालो. समुद्राकाठच्या त्या स्मशानाला नावापुरतं छप्पर होतं. वाऱ्यानं पाऊस आडवा येत होता. पोचेपर्यंत मडक्यात काळं पाणी झालं होतं. रॉकेल होतं, पण पेटवायचं कशानं? माझी काडेपेटी भिजलेली, भटजींची भिजलेली, सगळ्यांच्याच काड्यांची गुलं निघून हाताला लागत होती. सगळ्यांच्या मनात एकच होतं आणि बोलायला कुणी धजेना.

शेवटी तांडेल जवळ आले, आपली मोठी छत्री मामांच्या डोक्यावर धरली आणि हलक्या आवाजात म्हणाले, "मामा, डबा हाय ना?"

"आहे," मामा म्हणाले. "पण पेटायचं नाही."

ते खाली बसले. मेणकापड उलगडलं, चिंधी गारगोटीवर धरली आणि कानस मारली. पहिल्याच ठिणगीला चिंधीच्या कडेला लाल ठिपका उमटला. इतक्या वर्षांत असं कधीच झालं नव्हतं. मामा त्या ठिपक्याकडे बघत राहिले, फुंकर घालीनात. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"आज नसतं पेटलं तर चाललं असतं हो," ते मला म्हणाले. मग त्यांनी चिंधी काथ्यात घातली आणि फुंकली.

सुतक फिटल्यावर माझी बायको त्यांच्याकडे चूल पेटवायला गेली. मामा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसले आणि म्हणाले, "तुझी मामी कशी पेटवायची गो? मी कधी बघितलंच नाही."

"मामी कुठं पेटवायची?" ती म्हणाली. "निजताना राखेत निखारा पुरून ठेवायची. सकाळी उकरून फुंकायची, झालं."

"रोज?"

"रोज."



त्यानंतर तेही रोज निखारा पुरू लागले. पण त्यांना ते जमलं नाही. राख कमी पडे नाहीतर जास्त होई. मग सकाळी ते हातात करवंटी घेऊन अंगणापलीकडे आमच्या दारात येत. डब्याचं आम्ही कधी विचारलं नाही, त्यांनी कधी काढला नाही. माझी बायको करवंटीत दोन निखारे घालून देई, आणि मामा त्यावर तळहात आडवा धरून, वाऱ्याला पाठ करत, अंगण ओलांडून जात. थोड्या वेळानं परत येत.

"विझला गो," असं म्हणत आणि आमच्या पायरीवर बसत. ती चहाचं आधण वाढवी.