साडूंची अकरा बिऱ्हाडं

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत मिळून स्वतःचा ढग बाळगणारा एकच माणूस होऊन गेला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. हा ढग बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या एका दूध संघाच्या कचेरीत, पनीरच्या गोदामाला लागून असलेल्या दहा बाय बाराच्या खोलीत राहत असे. खोलीत दोन एसी, कपाटाएवढी एक पेटी, पेटीत लुकलुकणारे हिरवे दिवे आणि दारावर साडूंच्या वळणदार अक्षरात पाटी : ‘खासगी क्लाउड. चपला बाहेर काढा.’ ‘ढग हाय तर पाऊस का पडंना?’ हा विनोद संघातल्या प्रत्येकाने एकेकदा करून पाहिला होता. दुसऱ्यांदा करायचं धाडस कुणाला झालं नाही, कारण पहिल्या वेळी साडूंनी त्याचं उत्तर चाळीस मिनिटं दिलं होतं.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या आक्कांचे, यजमान. मी बारामतीत भूगोल शिकवतो म्हणून ते मला ‘सर’ म्हणतात, आणि एकदा सर म्हणून झालं की मला समोर बसवून स्वतःच शिकवायला लागतात. त्यांच्या शिकवण्यातून मला जे समजलं ते असं. पूर्वी संघात प्रत्येक खात्याचा वेगळा सर्व्हर होता. दूध संकलनाचा एक, पशुखाद्याचा एक, हजेरीचा एक, अशा अकरा पेट्या अकरा खोल्यांत घरघर करत होत्या आणि त्यातल्या नऊ दिवसभर माशा मारत होत्या. साडूंनी ती अकराही यंत्रं एका मोठ्या पेटीत नेऊन बसवली. पेटी एक, आत यंत्रं अकरा, आणि प्रत्येकाची समजूत अशी की ही सगळी जागा आपल्या एकट्याचीच आहे. ‘‘चाळ हाय सर ही,’’ ते म्हणत. ‘‘अकरा बिऱ्हाडं. पण मधली भिंत अशी, की ह्या बिऱ्हाडाचं भांडण त्या बिऱ्हाडाला ऐकू जायाचं न्हाय.’’ खातेप्रमुखांना मात्र हे मानवलं नाही. आपली पेटी उचलून नेली म्हणजे आपलं वजन कमी केलं, असं त्यांनी घेतलं. मग साडूंनी अकराही खोल्यांत जुन्या पेट्या परत नेऊन ठेवल्या. आत काही नाही, समोर एक हिरवा दिवा तेवढा जळता ठेवला. पशुखाद्याचे साहेब आजही निवृत्तीच्या गोष्टी करताना त्या रिकाम्या पेटीवर प्रेमाने हात ठेवतात.

ज्या सॉफ्टवेअरवर ही चाळ उभी होती, त्याची नवी आवृत्ती आली की साडूंच्या घरी सण असे. ‘नवीन काय आहे’ या नावाची पानं ते छापून घेत, चार घड्या घालून खिशात ठेवत आणि भेटेल त्याला वाचून दाखवत. भेटणारा माणूस कुठल्या प्रसंगाला आला आहे, याचा विचार त्यांना शिवत नसे. आमच्या धाकट्या मेव्हण्याच्या मुलीच्या बारशाला पाळण्याची दोरी एका हातात धरून त्यांनी मला सांगितलं होतं की, आता यंत्र चालू असताना त्याची मेमरी वाढवता येते. ‘‘बंद करायचं कामच न्हाय सर. जेवत्या माणसाचं ताट मोठं करायचं, त्याचा घास थांबवायचा न्हाय.’’ आहे त्या जागेत सगळ्यांचं भागवायचं हे चाळीचं तत्त्व त्यांनी स्वतःच्या मुलीच्या साखरपुड्यात वापरलं. निमंत्रणं तीनशे, खुर्च्या ऐंशी. सगळी माणसं एकदम कधी बसत नाहीत, हा त्यांचा अनेक वर्षांचा अभ्यास होता. मुलाचे मामा भाषणाला उभे राहिले आणि तीनशेच्या तीनशे माणसांना एकाच क्षणी बसावंसं वाटलं. व्याह्यांच्या वडिलांना गव्हाच्या पोत्यावर बसवावं लागलं. ‘‘असा लोड वर्षातनं एकदाच येतो,’’ असं साडू मला बाजूला घेऊन म्हणाले. आक्कांनी ते ऐकलं आणि त्यानंतर दोन दिवस त्या साडूंशी बोलल्या नाहीत.

त्यांची दुसरी खोड म्हणजे मागे जायची सोय करून ठेवल्याशिवाय ते पुढे पाऊल टाकत नसत. त्यांच्या यंत्रात म्हणे अशी युक्ती आहे की आहे ती स्थिती टिपून ठेवायची, मग हवे ते उद्योग करायचे, आणि फसलं तर एक बटण दाबून पुन्हा होतं तिथं यायचं. एका वर्षी घट बसायच्या आधी आक्कांनी माळा साफ करायला काढला. साडूंनी निमूटपणे माळ्याचे सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवले. आक्का चार दिवसांनी माहेरी जाऊन आल्या, तर माळा फोटोतल्यासारखा जसाच्या तसा झाला होता. फुटकी कुंडी, गेलेला मिक्सर आणि भंगारवाल्याच्या घरी जाऊन सोडवून आणलेली वर्तमानपत्रं, सगळं आपापल्या जागी. आक्का माझ्या बायकोला फोनवर म्हणाल्या, ‘‘अगं, ह्या माणसानं लग्नाआधीचा पण फोटो काढून ठिवला असंल. मला कधी तितं नेऊन ठिवतील त्याची मी वाटच बघतीय.’’

पण या माणसाचा खरा कस लागला तो खंडेनवमीला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे विळ्याकोयत्यापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्याची पूजा होते, आणि दूध संघात एक नियम होता की चालत्या यंत्राला कुंकू लावायचं नाही. फार पूर्वी मलईच्या यंत्राला ओवाळताना कुणाचं तरी उपरणं पट्ट्यात गेलं होतं, तेव्हापासून यंत्र त्या दिवशी विसाव्याला ठेवायचं आणि मगच ओवाळायचं. संघाचे अध्यक्ष, ज्यांना सगळे आबा म्हणतात, हा नियम कडक पाळत. अडचण एवढीच होती की आबांना त्या दिवशी माळेगावपासून कऱ्हाटीपर्यंत पंधरावीस ठिकाणी नारळ फोडायचे असत आणि संघात ते यायचे संध्याकाळी, नेमके दूध घालायच्या वेळी. साडूंची पेटी बंद झाली की गावोगावच्या संकलन केंद्रांवरचे पडदे काळे. दीड-दोन तास रांगा, ओरडा, नासायला आलेलं दूध. दरवर्षी हे व्हायचं आणि दरवर्षी लोक साडूंना शिव्या द्यायचे.

तशात त्या वर्षी पुण्याची एक कंपनी आबांना भेटून गेली. तुमचं सगळं आमच्याकडे द्या, आम्ही पुण्यातून चालवतो, तुमच्याकडे पेटीही नको आणि माणूसही नको, असं तिचं म्हणणं होतं. पनीरचं गोदाम तसंही अपुरं पडत होतं. आबांनी साडूंना बोलावून सांगितलं, ‘‘दसऱ्यानंतर मीटिंग हाय. तुमच्या ह्या खोलीत नेमकं काय चालतं ते एकदा पटवून द्या. न्हाय पटलं तर खोली पनीरला.’’ साडूंनी आयुष्यात उभी केलेली एकच गोष्ट ती खोली होती. आक्का सांगत होत्या की त्या आठवड्यात त्यांनी जेवताना एकदाही नवीन आवृत्तीचं नाव काढलं नाही.

मग एका रविवारी ते माझ्याकडे आले, खिशातून घड्या घातलेली पानं काढली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. नव्या आवृत्तीत चालू यंत्र एका पेटीतून दुसऱ्या पेटीत हलवता येत होतं, आणि तेही सामानासकट. ‘‘सर, चुलीवर दूध ठिवलंय, खाली पोरगं जेवतंय, आन् आख्खं बिऱ्हाड उचलून ह्या घरातनं त्या घरात न्यायचं. पोराचा घास थांबायचा न्हाय आन् दूध उतू जायाचं न्हाय.’’ संघाच्या अडगळीच्या खोलीत एक राखीव पेटी होती. खंडेनवमीच्या संध्याकाळी आबा यायच्या आधी अकराही बिऱ्हाडं तिकडे न्यायची, मोठी पेटी रीतसर बंद करायची, आबांनी तिची पूजा करायची, आणि गावोगावी दूध चालूच राहायचं. मी म्हटलं, आबांना आधी सांगून ठेवा. साडूंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी काही अभद्रच बोललो. ‘‘सांगून केलं तर मग त्यात काय राहिलं सर? कुणाला कळलं न्हाय, म्हंजी काम झालं. आमच्या धंद्यात असंच असतंय.’’

खंडेनवमीला मला त्यांनी काटेवाडीच्या केंद्रावर उभं केलं. हातात किटली हवी म्हणून किटली दिली, कानाला फोन लावून ठेवायला सांगितलं. साडेपाचला फोनमधून साडूंचा दबका आवाज आला, ‘‘पहिलं बिऱ्हाड निघालं.’’ पडद्यावर कुणाच्या तरी म्हशीचं फॅट उमटलं. दुसरं निघालं, तिसरं निघालं. सातव्याला पडदा एकदम थबकला. बघतो तर केंद्राचा सचिव तंबाखू मळायला थांबला होता. त्याने चिमूट दाढेखाली धरली, बटण दाबलं आणि पावती बाहेर आली. अकरावं पोचलं तेव्हा साडू एवढंच म्हणाले, ‘‘बंद करतोय आता मोठी पेटी.’’ मग फोनमधून आबांचा आवाज, घंटी, नारळाचा आवाज. माझ्यासमोर एक म्हातारी कासंडी रिकामी करून पावती घेऊन पदर सावरत निघून गेली. राखीव पेटीला साडूंनी सकाळीच, ती बंद असताना, कुंकू लावून घेतलं होतं, त्यामुळे नियमही मोडला नव्हता. रात्री माझ्या घरी आले तेव्हा त्यांनी दारातच विचारलं, ‘‘काय झालं सर काटेवाडीला?’’ मी म्हटलं, ‘‘काहीच नाही.’’ ‘‘कायच न्हाय?’’ ‘‘काहीच नाही.’’ ते पायरीवर बसले आणि उपरण्याने डोळे पुसायला लागले. मला त्या क्षणी त्यांचा फार अभिमान वाटला.

मीटिंगचं मला नंतर संघातल्या एका ओळखीच्या संचालकाने सांगितलं. साडूंनी उभं राहून पहिलाच प्रश्न टाकला, खंडेनवमीला कुणाला काही अडचण आली का? संचालकांनी एकमेकांकडे पाहिलं. न्हाय. कुठल्या गावाला दूध थांबलं? न्हाय. साडू हसले आणि म्हणाले, ‘‘तेच सांगायचं हुतं.’’ ‘‘म्हंजी पेटी बंद हुती,’’ आबा म्हणाले, ‘‘माझ्या डोळ्यांदेखत बंद हुती. तरी कुठं काय अडलं न्हाय. मग ही खोली हवी कशाला?’’ संचालकांना हे फारच पटलं. साडूंनी घाईघाईने खिशातली पानं काढली, चाळ, बिऱ्हाडं, चुलीवरचं दूध असं काहीबाही सांगायला घेतलं, पण तोवर चहा आला होता. दुसऱ्या आठवड्यात सगळं काम पुण्याच्या कंपनीकडे गेलं आणि साडूंची नेमणूक कऱ्हाटीच्या शीतकरण केंद्रावर झाली. तिथं दर तासाला थर्मामीटर बघून वहीत तापमान लिहायचं काम होतं. मी भेटायला गेलो तर म्हणाले, ‘‘काय न्हाय सर. चालू स्थितीत हलवलं मला. कुणाला कळलं पण न्हाय.’’

पुढच्या खंडेनवमीला मी मुद्दाम काटेवाडीला गेलो. संध्याकाळी पडद्यावर पुण्याहून निरोप आला की देखभालीसाठी सेवा दोन तास बंद राहील. तिकडेही कुणी पेटीला ओवाळत होतं की काय, कोण जाणे. रांग रस्त्यापर्यंत गेली. तेवढ्यात कुठलीशी पूजा उरकून निघालेली आबांची गाडी तिथं थांबली. आबा उतरले, कॅन पाहिले, लोकांचं बोलणं निमूट ऐकून घेतलं आणि सचिवाला म्हणाले, ‘‘गेल्या साली असं न्हवतं झालं. गेल्या साली काय केलं हुतं?’’ सचिवाला माहीत नव्हतं. मी पुढे झालो आणि सगळं सांगितलं, बिऱ्हाडांसकट. आबांनी एका कॅनचं झाकण उचलून वास घेतला. मग म्हणाले, ‘‘मंग का बोलला न्हाय त्यो?’’ आणि गाडीत जाऊन बसले.

दसऱ्याच्या सकाळी सोनं द्यायला मी कऱ्हाटीला गेलो. साडू थर्मामीटर पुसत होते. मी त्यांना काटेवाडीची हकीकत सांगितली. मला वाटलं होतं ते खूश होतील. पण त्यांनी आधी विचारलं, ‘‘दोन तास? लोकांचं दूध नासलं असंल की हो.’’ थोड्या वेळाने थर्मामीटर जागेवर ठेवून म्हणाले, ‘‘आबा काय म्हणाले, परत सांगा.’’ मी सांगितलं, ‘‘गेल्या साली असं न्हवतं झालं.’’ त्यांनी ते वाक्य माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं. ‘‘म्हंजी कळलं त्यांना,’’ ते स्वतःशीच म्हणाले.

निघताना त्यांनी खिशातून चार घड्यांची पानं काढली. ढग गेला, खोलीत पनीर आलं, तरी आवृत्त्या येतच होत्या आणि साडू त्या छापून घेतच होते. ‘‘ह्याच्यात आता नवीन हाय सर. चालू यंत्र पार दुसऱ्या गावाला पण नेता येतं. संघातनं हितं कऱ्हाटीला म्हणा.’’ मी विचारलं, ‘‘आणि परत?’’ त्यांनी चष्मा लावला आणि बोट फिरवत सगळं पान पुन्हा वाचून काढलं. ‘‘परत पण येतं,’’ ते म्हणाले. ‘‘कुणीतरी बोलवायला लागतंय फक्त.’’ मग तास भरला होता म्हणून ते आत तापमान बघायला गेले.