चिमटा गाडीतच होता

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आजवर टवाळीच करत आलो. फोटोग्राफीचा धंदा माझा. काच, औषधं आणि ऊन, एवढ्यावरच आमचा विश्वास! आता वाचकांनी माझी टवाळी केली तरी चालेल... पण हे कुणाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझे थोरले बंधू – दादा – कोलशेतला खाडीकाठच्या एका मिठाच्या कंपनीत मुख्य कारकून. तिथल्या साहेबाला आपल्या माणसांचे फोटो विलायतेला पाठवायचे होते. ठाण्याच्या माझ्या स्टुडिओत रंगवलेल्या पडद्यापुढे कुणालाही बसवा, वाणी असो की वकील, सगळे मेले नवरदेव दिसतात! म्हटलं, दादांना त्यांच्या कामाच्या जागीच बसवू. मिठागरावर.

भर दुपार. बांधावर खुर्ची, मागे पाण्याने भरलेला वाफा, पलीकडे मिठाच्या राशी. आता, फोटो निघेपर्यंत माणसाने हलायचं नसतं. म्हणून आम्ही खुर्चीमागे लोखंडी खांब उभा करतो. त्याचा चिमटा डोकं मागून धरून ठेवतो, फोटोत दिसत नाही. पण चिखलात तो खांब उभाच राहीना. वैतागून बैलगाडीत टाकला. दादांचा स्वभाव चुळबुळ्या. "दादा, कृपा करून हलू नका हं!" असं बजावून मी कॅमेऱ्याचं झाकण काढलं.

दादा हलले नाहीत. पापणीसुद्धा नाही. मी खूश!

झाकण लावलं तसे ते म्हणाले, "अरे, किती गार तुझा तो चिमटा! मान आखडली. सोड की आता."

"दादा, चिमटा गाडीत आहे."

"चेष्टा पुरे. सोड म्हणतो ना!"

मी मागे जाऊन पाहिलं. कुणीही नव्हतं. दादांच्या कानांमागची कातडी मात्र दाबल्यासारखी पांढरी पडली होती.

तसाच फोटो धुवायच्या काळ्या तंबूत शिरलो, काच धुतली, बाहेर येऊन उन्हाकडे धरली. काचेवर सगळं उलटं दिसतं – मीठ काळं, दादांचा काळा कोट पांढरा. आणि त्यांच्या डोक्याला दोन्ही बाजूंनी धरलेले दोन हात... मनगटापर्यंतच. त्यामागे नुसतं पाणी.

त्या दिवसापासून दादांची मान वळत नाही. वैद्य झाले, सिव्हिल सर्जन झाला, वहिनींनी देवीला कौल लावला. कुणालाच काही कळत नाही. मला तर मुळीच नाही. स्टुडिओत चिमट्याचा स्क्रू सैल करताना मी गिऱ्हाइकाला म्हणतो, "झालं, सुटलात!" तेच रोज दादांच्या मागे उभा राहून म्हणतो. वेड्यासारखा.

काल जेवताना दादांनी हातातला घास ताटात ठेवला.

"अरे, आता ते नुसतं धरून बसलेलं नाही," ते हळूच म्हणाले. "वळवायला लागलंय."

"कुठे?"

"मागे... खाडीकडे."