हजेरीचे काका

हायस्कूलच्या फाटकासमोर लाँड्रीचं एक छोटं दुकान होतं. ते चालवणाऱ्या गृहस्थांना सगळे नुसतंच काका म्हणत. अंगाने शेलाटे, मिशा पांढऱ्या, आवाज मऊ. आयुष्यात त्यांना एकच गोष्ट जमली नव्हती, ती म्हणजे नाही म्हणणं. कोणी म्हणालं, "काका, कोट तासाभरात हवाय," की काका हो म्हणत. तेवढ्यात दुसरी येऊन म्हणाली, "आधी माझी साडी," की तिलाही हो. मग ती दोघं दुकानासमोर एकमेकांशी भांडत आणि काका दोघांना पाणी आणून देत.

"भीड भिकेची बहीण," काकू, म्हणजे त्यांची बायको, उठता-बसता म्हणायची. काकूला नाही म्हणणं उत्तम जमायचं. घरातलं सगळं नाही तिच्याच वाट्याला आलं होतं.

त्या वर्षी शाळेत नवा नियम आला. लागोपाठ तीन दिवस गैरहजर राहिलं तर चिठ्ठी चालणार नाही, पालकाने स्वतः येऊन भेटायचं. नियमामागे कारण होतं. एका पोराचे एकच आजोबा वर्षात दोनदा वारले होते, आणि दोन्ही वेळा सुतक संपल्यावर त्याला शाळेत सोडायला आजोबाच आले होते. नियम काढला पर्यवेक्षिका बाईंनी. मुलं त्यांना तोफ म्हणत, कारण त्या वऱ्हांड्याच्या एका टोकाला बोलल्या की दुसऱ्या टोकाच्या वर्गातली पोरं बाकावर बसून घेत.

एका सकाळी नववीतली एक मुलगी दुकानात आली. तिच्या कपाळावरचे केस असे कापले होते की जणू उंदराने कुरतडलेत. तिने स्वतःच आरशात बघून कापले होते. ते जरा वाढेपर्यंत कोणाला तोंड दाखवायचं नाही, म्हणून ती शाळा बुडवून घरी बसली होती. वडील ट्रक घेऊन लांब गेलेले, आई नर्स, तिची दिवसाची ड्यूटी. दोघांनाही पत्ता नव्हता.

"काका, तुम्ही माझे काका व्हा ना."

"अगं, मी काकाच आहे की."

"तसं नाही. सख्खे. शाळेत यायचं आणि फक्त मान हलवायची."

मान हलवायला सांगितलेलं काम काकांना नाही कसं म्हणता येणार? पण अंगातल्या सदऱ्याला इस्त्रीचे चटके बसून भोकं पडलेली. त्यांनी मांडणीवरून कोणा बँकवाल्याचा घडी केलेला शर्ट उचलला. इस्त्री केलेला कपडा अंगावर कसा बसतो, ते एकदा बघायला काय हरकत आहे, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

समोरचे लाँड्रीवाले हिचे सख्खे काका, हे ऐकून बाईंनी भुवया उंचावल्या, पण त्यांना समोर बसवलं आणि तोफ डागली. "तुमची पुतणी सहा दिवस शाळेत नाही. सहा दिवस!"

काका खुर्चीतून उठलेच. "सहा? मला तू तीन म्हणालीस!"

मुलगी डोळे मोठे करून मान हलवा, मान हलवा असं खुणावत होती. पण काकांना आता खराच राग आला होता. "तुझी आई तिकडे दिवसभर पेशंटांमागे धावते, बाप रात्रंदिवस स्टिअरिंग धरून बसतो, आणि तू केसांची झालर वाढवत घरी बसतेस? केस काय, डोक्याबाहेर आपोआप येतात. आत काही घालायचं तर शाळेतच यावं लागतं!" बोलता बोलता त्यांनी बँकवाल्याच्या शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. मुलीलाही रडू फुटलं. बाईंनी स्वतः चहा मागवला.

"असे काका प्रत्येक मुलाला हवेत," बाई म्हणाल्या.

मुलांनी ते शब्दशः घेतलं.

आठवडा उलटतो न उलटतो तोच एक पोटदुखीवाला आला. त्याला मामा हवा होता. मग रोज बस चुकणारी एक मुलगी आली, तिला मावशीचा नवरा. एकाला तर आजोबा पाहिजे होते, पण जिवंत. काका कोणाचा कोट, कोणाची सफारी चढवून फाटक ओलांडू लागले. दर वेळी वर्गशिक्षक वेगळे, त्यामुळे निभावून गेलं. बाईंनी एकदा चष्म्यावरून बघत विचारलं, "तुम्ही मागे काका म्हणून आला होतात ना?"

"हो. याचा मी मामा लागतो. आमचं खटलं फार मोठं आहे."

ते काही अगदीच खोटं राहिलं नव्हतं. कारण बाईंसमोर काका दर वेळी म्हणून बसायचे, "यापुढे होणार नाही, माझी जबाबदारी." आणि दिलेला शब्द त्यांना झोपू देत नसे. शाळा भरायच्या वेळी ते दुकानाच्या पायरीवर उभे राहू लागले. नावं लक्षात राहत नसत, म्हणून दुखण्यावरून हाका मारत. "ए झालर, डबा घेतलास का? पोटदुखी, पळ, घंटा होईल! बस चुकली कुठे आहे? आली का बस चुकली?" एखादं पोर दिसलं नाही की हातातली इस्त्री तशीच ठेवून त्याच्या घरी जायचे आणि अंगावरचं पांघरूण ओढून उठवायचे. पोटदुखीच्या आजीला वाटलं, हे शाळेचे शिपाई. तिने त्यांच्याकडे शाळेतल्या पंख्याची तक्रारही केली.

"पोरं शाळेत हजर आणि तुम्ही दुकानात गैरहजर," काकू करवादली. "एका चादरीला खिडकी पाडून ठेवलीत आज इस्त्रीने. गिऱ्हाइकाला काय सांगू, हवेशीर आहे म्हणून?"

मुलांनाही आता पश्चात्ताप होऊ लागला होता. "खरे बाबा परवडले," पोटदुखी एकदा कळवळून म्हणाला.

मग पालकसभा आली. झालर आणि पोटदुखी दोघांनीही बोलावलं, काका दोघांनाही हो म्हणाले. मांडणीवर वरच असलेला फिक्या निळ्या रंगाचा शर्ट घातला आणि पुढच्या रांगेत जाऊन बसले. मुख्याध्यापक म्हणाले, पालकांचा एक प्रतिनिधी निवडायचा आहे. पर्यवेक्षिका बाई ताडकन उठल्या. "मी या गृहस्थांचं नाव सुचवते. इतका जागरूक पालक मी नोकरीत पाहिला नाही."

टाळ्या पडल्या. काकांच्या तोंडचं पाणी पळालं, पण तोंडातून शब्द निघाला तो नेहमीचाच. "हो."

ते व्यासपीठावर चढले. नववीचे शिक्षक शेजारच्यांना कौतुकाने म्हणाले, "माझ्या वर्गातल्या मुलीचे काका."

"काका कसले? माझ्या वर्गातल्या मुलाचे मामा ते," शेजारचे म्हणाले.

तेवढ्यात मागच्या रांगेतून एक बाई उठल्या. नर्सचा पांढरा गणवेश, ड्यूटीवरून तडक आलेल्या. "अहो, माझ्या मुलीला काकाच नाही! हे कोण?"

सगळ्या माना काकांकडे वळल्या. पर्यवेक्षिका बाई काकांच्या दिशेने एक पाऊल पुढे आल्या आणि थबकल्या. शर्टाचं तिसरं बटण हिरव्या दोऱ्याने शिवलेलं होतं. घरात दुसरा दोरा नव्हता म्हणून बाईंनी स्वतःच ते तसं शिवलं होतं.

"हा शर्ट कुणाचा?"

"तुमच्या मिस्टरांचा," काका पुटपुटले.

"तो तर अजून झाला नाही, असं सांगितलंत तुम्ही! आणि ही मुलं कुणाची?"

"तीही लोकांचीच, बाई. मी नुसती इस्त्री करतो."

सभागृह असं हसलं की मुख्याध्यापकांना सभा आवरती घ्यावी लागली. बाई मात्र हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या सगळ्या मुलांचे खरेखुरे आईबाप हजर झाले, बुडालेले धडे शाळा सुटल्यावर बसून पुरे करायची शिक्षा झाली, आणि काकांना फाटकाच्या आत पाऊल टाकायचं नाही अशी ताकीद मिळाली.

त्या संध्याकाळी काका ताटातला भात नुसताच कालवत बसले. काकूने ताटाकडे बघितलं. "आपली लेक याच शाळेत शिकली. तिच्या एका तरी सभेला आला होतात? तेव्हा दुकान सुटत नव्हतं."

काकांनी हात धुऊन लेकीला फोन लावला आणि सगळं सांगितलं. लेक आधी पोट धरून हसली. मग म्हणाली, "बाबा, मला कधी असं रागावला असतात तर बरं वाटलं असतं हो."



दहा-बारा दिवस काका पायरीवर उभे राहिले नाहीत. फाटकाकडे पाठ करून इस्त्री फिरवत राहिले. मग एका दुपारी बाई रस्ता ओलांडून दुकानात आल्या. मिस्टरांचा शर्ट आधीच घरपोच झाला होता, तेव्हा काम दुसरंच होतं.

"त्या मुलांची हजेरी तुम्ही हाका मारायचात तेव्हा चांगली होती. आता परत घसरली," त्या बाहेर बघत म्हणाल्या. "फाटकाच्या आत यायचं नाही. कुणाचं कुणी व्हायचं नाही. पण पायरी तुमची आहे. तिथून ओरडायला माझी हरकत नाही."

"आणि कोणी दिसलं नाही तर?"

"मला सांगा. मी खऱ्या घरी फोन करीन."

आतून काकू म्हणाली, "आणि इस्त्री बंद करून ओरडा."

दुसऱ्या दिवसापासून पायरीवरून हाका सुरू झाल्या. नर्सबाईंनीही एकदा वाट वाकडी करून दुकानात डोकावून सांगितलं, "झालरला माझ्याकडूनही दोन शब्द सुनावत जा. माझी ड्यूटी असते."

पुढच्या वर्षी लेकीचा फोन आला. नातीच्या शाळेत पालकसभा होती आणि जावई दौऱ्यावर होते. काकांनी दुकानाला कुलूप लावलं, स्वतःचा नवा शर्ट घेतला आणि एसटीने लेकीच्या गावी गेले. प्रवासभर मनात रागावून काय बोलायचं ते जुळवत होते. वर्गशिक्षिका हसून म्हणाल्या, "तुमच्या नातीची वर्षभराची हजेरी पूर्ण आहे."

"एकही दिवस नाही बुडवला?" काकांचा चेहरा पडला.

"एकही नाही."

नात खुशीत आजोबांकडे बघत होती. त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, शाबास म्हणाले, पण जुळवलेलं बोलणं तसंच शिल्लक राहिलं होतं. शेजारच्या बाकावर एक मुलगा एकटाच नखं कुरतडत होता. काकांनी त्याच्याकडे वळून विचारलं, "आणि तुझे किती दिवस रे?"

"आठ," तो म्हणाला. "आईला यायला उशीर होतोय."

"आठ!" काका म्हणाले, आणि खुर्ची सरकवून त्याच्याजवळ गेले.