'निर्जन दोन'ची बाजू

मोनिकाला आधी शंभरेक लोकांनी मूर्ख म्हटलं, मग चार-पाचशे लोकांनी. तेवढ्यानं ती घाबरली नव्हती. ती घाबरली एका साध्या प्रश्नानं. व्हिडिओखाली कुणीतरी लिहिलं होतं, "नेऱ्यात राहतेस काय गं?"

मोनिका त्याच गावची, नेऱ्याचीच. वय बत्तीस. मारुंजीच्या रस्त्यावर एका मेडिकलमध्ये ती सकाळी नऊपासून काउंटरला उभी असते. घरी ती आणि आई गोजराबाई, दोघीच. गेमचं वेड कॉलेजपासूनचं. यूट्यूबवर तिचं एक छोटं चॅनेल होतं. चेहरा कधी दाखवायची नाही. नुसता तिचा आवाज आणि पडद्यावर चाललेला खेळ. ऐकणारे मोजकेच, पण नेमाचे.

'निर्जन' या गेमचा पहिला भाग सगळ्यांनी डोक्यावर घेतला होता. ओसाड शहर, एक सैनिक, हातात बंदूक. दुसरा भाग आला आणि चाहते पिसाळले. सैनिक गायब, त्याच्या जागी एक नर्स. तिच्या पाठीवर एक आजारी म्हातारा, आणि बंद पडलेल्या दवाखान्यातून त्याला बाहेर काढायचं. हातात काही नाही. चाहूल लागली की कपाटाआड दडायचं, श्वास रोखून धरायचा. पाठीवरचा कण्हला की संपलं. त्याला खाली ठेवून पळून जायचं म्हटलं, तर गेम अडवत नाही. लोक म्हणाले, हा पळपुटा गेम आहे, पहिल्या भागाला काळं फासलं.

मोनिकानं वीस मिनिटांचा व्हिडिओ केला. "बंदूक दिली असती तर भीती उरली असती का? आपल्याला राग येतो तो गेमचा नाही. म्हाताऱ्याला टाकून आपण पळालो, त्याचा येतो."

एक गोष्ट तिनं व्हिडिओत सांगितली नाही. करोनाच्या दुसऱ्या वर्षी गोजराबाईला श्वास घेता येत नव्हता, दवाखान्याची लिफ्ट बंद होती, आणि मोनिका तिला पाठुंगळी घेऊन तीन मजले चढली होती. गोजराबाई कानाशी पुटपुटत होती, "मला ठिव हितं. तू जा." हा गेम पहिल्यांदा खेळताना मोनिका दोनदा उठून मोरीत जाऊन तोंड धुऊन आली होती.

तो व्हिडिओ कुठून कुठं पोचला कोण जाणे, आठवड्यात चाळीस हजारांनी पाहिला. त्यातल्याच कुणीतरी कान देऊन ऐकलं. तिच्या बोलण्यामागं खिडकीबाहेर घंटागाडी गेली होती आणि तिच्या भोंग्यात गावाचं नाव स्पष्ट होतं. त्या प्रश्नानंतर तिसऱ्या दिवशी गेमच्या चाहत्यांच्या ग्रुपवर दुकानाच्या पाटीचा फोटो आला. खाली ओळ: "बंदूक नको म्हणतेस ना? गोळी आम्ही आणून देतो."

त्यावर दोनशे लोक हसले होते.

त्या दिवसापासून मोनिकाचं काउंटरला उभं राहणं अवघड झालं. मेडिकलात येणारं प्रत्येक माणूस एकच तर म्हणतं, "ताई, गोळी द्या." डोक्याची, पोटाची, बीपीची. प्रत्येक वेळी ती आधी माणसाचे हात बघायची. हेल्मेट न काढता कुणी आत शिरलं की ती औषधाच्या मांडणीमागं सरकायची. एकदा चुकून दुसऱ्याच ताकदीची गोळी हातात गेली. पेशंटनंच ओळखली म्हणून निभावलं. मालक ओरडले नाहीत, नुसतं बघत राहिले. मोनिकाला ते जास्त लागलं.

जेवण जाईना तेव्हा गोजराबाईनं विचारलं, "काय झालंय? खरं सांग."

मोनिकानं सांगितलं. फोन पुढं धरला. गोजराबाईनं एकेक ओळ बोट ठेवून वाचली.

"खेळापायी? निस्त्या खेळापायी?"

"व्हय."

"मग काढून टाक की त्यो इडिओ."

"काढला तरी फोटो हायच की त्यांच्याकडं."

गोजराबाईनं फोन उलटा ठेवला. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन ती मोनिकाबरोबर निघाली आणि दुकानात कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली. मालकांना म्हणाली, "मला घरी करमत न्हाई." ती रोज यायला लागली. तिच्यानं काही झालं असतं असं नाही. दहा पावलं चालली तरी तिला अजून धाप लागते. मोनिकाला तर आता दोघींची काळजी.

शुक्रवारी दुपारी तो आला. तिशीच्या आतला, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, उलटं फिरवलेलं. डोकेदुखीची गोळी मागितली. मोबाइलनं पैसे दिले. पाकीट खिशात टाकलं आणि अगदी हळू, हसून म्हणाला, "दुसरा भाग भंकसच आहे हां, ताई."

आणि गेला.

मोनिकाच्या हातातली कात्री खाली पडली. ती तिथंच फरशीवर बसली. तिला रडू फुटलं. गोजराबाई धापा टाकत उठली.

"त्योच व्हय?"

मोनिकानं मान हलवली. रडू ओसरल्यावर तिचं लक्ष दुकानाच्या फोनकडं गेलं. पैसे पाठवणाऱ्याचं नाव तिथं आलं होतं. अभय, आणि पुढं आडनाव.

दोघी पोलीस चौकीत गेल्या. तिथं हवालदार रेश्मा मॅडम होत्या. गेम म्हणजे काय, दुसरा भाग म्हणजे काय, हे त्यांना समजावता समजावता मोनिकाच घामाघूम झाली. "मला खेळातलं कळत नाही," त्या म्हणाल्या, "पण दुकानाचा फोटो टाकून गोळी आणतो म्हणणं मला बरोबर कळतं."

अभय दोन किलोमीटरवर सोसायटीत राहायचा. चौकीतून बोलावणं गेल्यावर वडिलांना घेऊन आला. फोटो त्यानंच टाकला होता, आधी एकदा औषध घ्यायला आला तेव्हा काउंटरवर तिचा आवाज ओळखून. गोळीचं दुसऱ्याच कुणीतरी लिहिलं होतं. "गंमत केली, मॅडम," म्हणाला. त्यानं फोटो काढला, माफीनामा लिहून दिला. वडिलांनी बोट ठेवलं तिथं सही केली. मोनिकाला वाटलं होतं, बरं वाटेल. तसं काही झालं नाही.

बाहेर पायऱ्यांवर तो थांबला. "एक विचारू? तुम्हाला तो गेम खरंच आवडला?"

गोजराबाईनं लेकीचा दंड घट्ट धरला.

"तू शेवटपर्यंत खेळलास का?" मोनिकानं विचारलं.

"नाही. तिसऱ्या मजल्यावर सोडला. म्हातारा सारखा कण्हतो."

"मग आधी खेळ," ती म्हणाली, आणि आईला धरून पायऱ्या उतरली.

गोळीची ओळ लिहिणारा कोण, ते अजून कळलेलं नाही. रेश्मा मॅडम म्हणतात, वेळ लागेल. मोनिकानं व्हिडिओ ठेवलाय. फक्त खालच्या प्रतिक्रिया बंद केल्यात. नवा एकही केलेला नाही. संध्याकाळी मायलेकी एकाच ओळखीच्या रिक्षानं घरी येतात, आणि उतरण्याआधी मोनिका मागं वळून रस्ता नीट बघून घेते.