ग टोकाला बसत नाही

कायदा शिकायचा तर आधी कोडी सोडवा, असा फतवा नगरच्या एका लॉ कॉलेजनं काढला होता. सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. मी संगमनेरात नवी सून, पदरी बी.ए. मामंजी, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, "दे परीक्षा. पास झालीस तर शीक. न्हाई झालीस तर वकिलीचं नाव पुन्हा काढायचं न्हाई." नवऱ्यानं कोड्यांची पुस्तिका आणून दिली आणि मोठा पराक्रम केल्याच्या थाटात साखर कारखान्यात ड्यूटीवर गेला. वडिलांपुढं तोंड उघडायची वेळ आली की त्याची ड्यूटी हमखास निघायची.

माझे हात सदा पिठात. मग सासूबाई चुलीशेजारी बसून मला कोडी वाचून दाखवायला लागल्या. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो. पहिलंच कोडं त्यांनी ठणठणीत आवाजात वाचलं. "एका बाकावर पाच जनं बसल्यात. क आन् ख शेजारी शेजारी हायेत. हे टोकाला बसत न्हाईत. घ अगदी मधोमध हाय. च कुठंबी बसंल."

क आणि ख टोकाला नाहीत, असं मी धरलं. मधली जागा 'घ'नं अडवलेली. आता ह्या दोघांना शेजारी बसवू कुठं? भाकरी करपली, पण जमेना. त्यात पाचवा माणूसच सापडेना.

"आत्याबाई, कोडं चुकलंय. पाचवा कुठाय?"

"त्यो काय, वट्यावर पेपर वाचतोय," असं म्हणून त्यांनी जीभ चावली. "वाचत्यात."

अगंबाई! मामंजींचं नाव 'ग'वरून सुरू होणारं. आत्याबाई गहू, गूळ, गवार बेधडक म्हणायच्या, पण सुटा ग म्हणजे नवऱ्याला नावानं हाक मारल्यासारखं. म्हणून त्याचे झाले 'हे', आणि वर आदरानं 'बसत न्हाईत'. ओट्यावरून मामंजी ओरडले, "मी कशाला बसू बाकावर?"

पुढं तर कहरच. एका कोड्यात पंचांतून एकाला वगळायचं होतं आणि उत्तर नेमका ग. "ह्यांना वगळतीस?" आत्याबाई माझ्यावर डोळे वटारून म्हणाल्या. "दुसरं कुनीतरी काढ." मामंजी दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. मला हसू आवरेना, पण कोडी मात्र सुटायला लागली होती.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मामंजींनी पगडी फिरवली. उद्या पाव्हणे यायचेत, पुढच्या साली बघू, म्हणाले. पुढचं साल म्हणजे काय ते मला कळत होतं. नवऱ्याला अर्थातच ड्यूटी होती.

"आन् वकील हून ही भांडनार तरी कुनासाठी?" मामंजींनी विचारलं.

आत्याबाई भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माझ्यासाठी. इतकी वर्सं झाली, ह्या घरात माझ्या बाजूनं कुनी बोललंच न्हाई."

मला भडभडून आलं. मामंजी उठले. मग पायात वहाणा सरकवत म्हणाले, "पहिली यष्टी चुकवू नका. दोघीबी जा. पाव्हन्यांचं मी बघतो."